धुऱ्यावरचा पापड

धुरपताच्या डाव्या पायाला, घोट्याच्या जरा वर, आतल्या अंगाला एक तोंड फुटलं होतं आणि ते काही केल्या मिटत नव्हतं. मागच्या हंगामात धान कापताना धसकट घुसलं, तेव्हा तिनं त्याला जखम म्हणण्याचाही मान दिला नव्हता. धुऱ्यावरची, म्हणजे शेताच्या बांधावरची, कंबरमोडी ओरबाडली, तळहातावर चुरगळून हिरवा रस पिळला, लुगड्याची चिंधी बांधली आणि धानाची उरलेली बांधी, शेताचा तो तुकडा, कापून काढली. त्या पाल्यानं तिच्या कितीतरी जखमा भरल्या होत्या. ही मात्र भरली नाही. उन्हाळ्यात खपली धरायची, धुरपता जरा विसरायची, की पुन्हा ओलावायची. धानाची रोपं लावायच्या, रोवणीच्या, तोंडावर ती चांगली बोराएवढी झाली आणि भोवतालची कातडी वांग्याच्या रंगावर गेली.

टेकचंद मेडिकलवाल्याकडून मलमं आणून झाली. दर खेपेला ट्यूब वेगळी. "मावशी, यानं गॅरंटीनं भरते" हे वाक्य मात्र तेच. साखर असेल म्हणून मंगरूनं, तिच्या नवऱ्यानं, रक्त तपासायला नेलं. साखर निघाली नाही.

"निघन कुठून? एवढं गोड बोलते कुठं थे," मंगरू तपासणाऱ्या पोराला म्हणाला, आणि घरी पोचेपर्यंत त्याला ते वाक्य चांगलंच महागात पडलं.

आता धुरपताचा पाय म्हणजे काही एकट्या धुरपताचा पाय नव्हता. आसगावच्या बायांच्या रोवण्याच्या टोळीची ती पुढारीण. बांधीत रांग लागली की धुऱ्याला धरून पहिली जागा तिची. पहिली मूठ तिनं रोवायची आणि तिच्या हाताच्या वेगानं बाकीच्यांनी मागं मागं सरकायचं. ही जागा तिला सासूकडून मिळालेली. त्या जागेवर टोळीतल्याच शकुनबाईचा डोळा होता हे साऱ्या टोळीला ठाऊक होतं. शकुनबाईनं ते लपवायची तसदीही कधी घेतली नव्हती. गावात कोण कोणाच्या कोणत्या शब्दाचं देणं लागतं, हा हिशेब धुरपताच्या जिभेवर असायचा, आणि शकुनबाईच्या खात्यावर बरंच काही चढून बसलं होतं.

सून रुचिता सानगडीकडची. औषधाचं शिकलेली, भंडाऱ्याच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला. सकाळी नवऱ्याच्या, अनुपच्या, मोटरसायकलवर बसून निघायची. तो तिला भंडाऱ्याला उतरवून पुढं वरठीच्या कारखान्यात जायचा. सून तिथं मोठ्या मशिनीवर काहीतरी करत असेल, असं धुरपतानं स्वतःच ठरवून गावात सांगूनही टाकलं होतं. मग एक दिवस, पायात धसकट घुसायच्या कितीतरी आधी, रुचितानं विचारलं,

"आई, कंबरमोडी कुठं चांगली भेटते?"

"कायले व? कापलं का कुठं?"

"नाही. लॅबमध्ये पायजे. पोतंभर."

धुरपता ठसका लागेपर्यंत हसली. "एवढं शिकून पोरगी तणावर आली व माय!"

पण पोतं तिनंच भरून आणलं. रुचितानं एक झाड उचलून वास घेतला, पानं उलटी करून पाहिली आणि पोतं बाजूला सारलं. धुऱ्यावर कोणीतरी तणनाशक मारलं होतं. "यातलं एक पान चालणार नाही, आई." धुरपताला ते फार लागलं. भर अंगणात, शेजारणीसमोर नाही म्हणाली! त्या संध्याकाळी ती सुनेशी एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र विहाराच्या मागच्या पडीत, जिथं कोणी फवारा नेत नाही, तिथं उकिडवी बसून तिनं झाडन् झाड वेचलं. राग आपल्या जागी, माल आपल्या जागी.

त्या पाल्याचा अर्क आणि धावड्याचा डिंक, यांतून रुचिता जखमेवर लावायची पट्टी बनवत होती. डिंक विरघळवायचा, गाळायचा, अर्क घालून काचेवर पातळ ओतायचा आणि वाळू द्यायचा. कधी तो वाळताना तडकायचा, कधी बुरशी धरायचा, कधी काचेला असा चिकटायचा की काच टाकून द्यावी लागे. रुचिता मुकाट्यानं जेवली की धुरपता समजायची, आज डिंक रुसला. लाडवात घालायचा डिंक, तो एवढा छळतो हे तिला खरं वाटायचं नाही. असे दोन पावसाळे गेले. मग एकदाची निघाली ती मधाच्या रंगाची, आरपार दिसणारी, वाकवली तर वाकणारी चकती. जखमेवर ठेवली की ओल पिऊन मऊ व्हायची, जखमेला सुकू द्यायची नाही आणि खालून नवी कातडी धरू द्यायची. आधी जनावरांवर पाहून झालं, वरून परवानग्या आल्या, तेव्हा कुठं भंडाऱ्याच्या दवाखान्यात माणसांच्या पायांवर लावायला घेतली. टोळीतल्या बायांनी तिला पाहताक्षणी नाव देऊन टाकलं, पापड.

दवाखान्यातल्या डॉक्टरीण दामिनी मॅडम. त्यांनी धुरपताचा पाय गुडघ्यापर्यंत दाबून पाहिला. म्हणाल्या, जन्मभर उभं राहून नसा सुजल्यात, म्हणून भरत नाही, पण भरेल. पट्टी लावायची असेल तर लावू, तुमच्या मर्जीवर आहे.

"लावा जी. सुनेनंच तं केली."

त्यावर मॅडमनी मान वर केली आणि एक अट घालून दिली. तुमची जखम रुचिता पाहणार नाही. मोजणार नाही, विचारणारही नाही. घरच्या माणसानं घरच्याची जखम मोजली तर डोळा खोटं बोलतो. मोजमाप सिस्टर करतील, आणि कोणता आकडा कोणाचा हे रुचिताला कळणार नाही.

"आणि दोन गोष्टी," सिस्टर पट्टी बांधता बांधता म्हणाली, "हे पुढच्या तपासणीपर्यंत काढायचं नाही. आणि भिजू द्यायचं नाही. चिखलात तर पाय घालायचाच नाही."

"हाव जी," धुरपता म्हणाली. रोवणी सुरू व्हायला आठवडाही नव्हता.

झालं, घरात मोठी गंमत सुरू झाली. रुचिता चुलीपाशी आली की धुरपता मुद्दाम पाय पसरून बसे, आणि रुचिता छताकडं, भिंतीकडं, मांजराकडं, कुठंही पाही पण पायाकडं पाहत नसे. एकदा तर धुरपता कण्हली. रुचितानं ओठ घट्ट दाबले आणि भाकरी उलटली.

"पाह्यलं का?" धुरपता मंगरूला म्हणाली. "मांजर लंगडलं तं त्याले उचलून घेते. सासू लंगडली तं भिंत पाह्यते."

"डॉक्टरीणबाईनं मना केलं न तिले."

"मना केलं म्हून का डोळे बी गहाण ठेवले?"

रोवणी लागली. शेतमालक वासुदेवरावांच्या तळ्याखालच्या बांध्या रोवायला घेतल्या होत्या. चिखलणी होऊन पाणी पिठल्यासारखं दाट झालेलं, धुऱ्यावर पऱ्ह्यांच्या, म्हणजे रोपांच्या, पेंड्या पडलेल्या. टोळी कासोटे घालून उभी, आणि पहिल्या जागेवर धुरपता, पायाकडं पाहत.

दोन हुकूम होते. काढायचं नाही आणि भिजवायचं नाही. चिखलात दोन्ही एकदम पाळता येत नव्हते. आता चिखलात जायचंच नाही असा तिसराही हुकूम होता. पण तो धुरपतानं दवाखान्याच्या पायरीवरच सोडला होता. उरलेल्या दोनांतला कोणता मोडायचा याचा तिनं नीट विचार केला. सुनेनं दोन पावसाळे डिंकाशी झटून केलेली वस्तू. ती मधाच्या रंगाची. ती चिखलात घालायची? चांगली वहाण असली तर माणूस धुऱ्यावर काढून ठेवतो आणि मग उतरतो. ती खाली बसली, फडकं सोडलं, नखानं कड धरून चकती हळूहळू सोलली. जराशी ओढ बसली, डोळ्यांत पाणी आलं. पळसाच्या पानावर चकती निजवली, वर दुसरं पान, त्यावर खडा. मग जेवणाच्या डब्यांच्या रांगेत, सावलीला ठेवली आणि पाय चिखलात घातला.

"काय व, पापड वाळू घातला का?" शकुनबाई तिच्या बाजूच्या जागेवरून ओरडली.

"तुह्या डोळ्यात भरला का?"

"मले कायले? तळून देशीन तं सांग."

बाया हसल्या, हात चालू लागले. चिखल जखमेला आधी थंड लागला, मग चुरचुरला, मग पायच आपला नसल्यासारखा झाला. संध्याकाळी कालव्यावर पाय धुऊन, पुसून, धुरपतानं चकती परत जागेवर बसवली. दिवसभरात ती वाळून खरंच पापडासारखी कडक झाली होती. फुंकर घालून, थुंकी न लावता (एवढी अक्कल तिला होती) जरा ओल्या बोटानं मऊ केली आणि फडकं आवळलं. एक डाग नाही की एक चीर नाही. एवढं कोणी जपलं नसतं, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचं कौतुक वाटलं.

असं रोज.

तपासणीला बाकावर तिच्या शेजारी धनीराम नावाचा एक ढिवर बसला होता. तळ्यात मासे काढताना शिंगाड्याचा काटा पावलात घुसून त्याचा पाय सडायला आला होता. त्यानं न विचारताच पाऊल वर केलं. जिथं भोक होतं तिथं गुलाबी, चकाकती कातडी.

"पाह्य बाई! या डिंकाच्या पट्टीनं. मले वाटे पाय जाते."

"पाण्यात नाही गेले तुमी?"

"जाऊ कसा? या बाईनं जाळंच कुठंतरी नेऊन टाकलं." त्यानं बाजूला बसलेल्या बायकोकडं, सखाबाईकडं, बोट दाखवलं. "अजून सांगत नाही कुठं हाये थे."

"सांगन न," सखाबाई शांतपणे म्हणाली, "पाय दाखवून झाला का सांगन."

आत सिस्टरनं पारदर्शक कागद जखमेवर धरून रेघ काढली आणि मागच्या रेघेवर ठेवून पाहिली. नवी रेघ मागचीच्या बाहेर पडत होती; जखम वाढली होती. दामिनी मॅडमनी स्वतः पाहिलं.

"आजी, पाण्यात जाता का?"

"नाही जी."

"पट्टी काढली होती?"

"नाही जी."

खोटं बोलताना धुरपताची मान ताठ राहायची, खरं बोलताना हलायची. पण हे मंगरूला माहीत, मॅडमना कुठून माहीत असणार?

त्या आठवड्यात रुचिता ताटावरून अर्धवट उठायला लागली. संध्याकाळी ओसरीत ती अनुपला सांगत होती आणि धुरपता आत तांदूळ पाखडत ऐकत होती.

"सगळ्यांच्या भरून राहिल्या. एकाची वाढली. वाढली, अनुप. नुसती राहिली असती तं समजलं असतं."

"एखादा होते तसा."

"काहून होते? काहीतरी चुकलं माह्याच हातून. अर्कानं कोणाची कातडी जळून राहिली असन तं? उद्या पन्नास जणाले लावलं, अन् त्यातल्या दहाची अशी केली तं?"

"कोण हाये थे, विचारून पाहा."

"नाही विचारता येत." रुचिता म्हणाली. "मी मॅडमले म्हणलं, थांबवू सध्या. कारण सापडेपर्यंत नवीन कोणाले लावू नका."

धुरपताचं सूप थांबलं. म्हणजे पोरीची वस्तू खोटीच निघाली तर. इतके दिवस झटली आणि शेवटी टेकचंदच्या ट्यूबसारखीच. तिला सुनेची मोठी दया आली आणि तिनं तिथल्या तिथं ठरवलं, हा वाढलेला पाय कोणाला दिसू द्यायचा नाही. दुसऱ्या दिवसापासून तिनं टोळीत सांगायला सुरुवात केली, की भरत आली, आता काय, मुगाएवढी राहिली. लंगडणं तिनं चिखलावर घातलं. आपल्या खोट्यानं सुनेची अब्रू झाकते आहे, या समाधानात ती दिवसभर ठणका सोसायची, आणि सुनेची झोप ज्यानं उडवली होती ते कारण रोज सकाळी स्वतःच्या नखानं सोलून पळसाच्या पानावर ठेवायची. जगात प्रेमानं केलेल्या घोळाइतका पक्का घोळ दुसरा नसेल.

रविवारी रुचिताला सुट्टी होती. मंगरूला विहारात वर्षावासाच्या वाचनाला बसायचं होतं, म्हणून डबा घेऊन तीच बांधीवर आली. बाया पाठमोऱ्या, वाकलेल्या. मागं मागं सरकणाऱ्या. रुचितानं डबा ठेवायला डब्यांच्या रांगेत जागा केली, तर पळसाची दोन पानं आणि वर एक खडा. कोणाचं लोणचं असेल म्हणून तिनं वरचं पान उचललं.

तिनं ती चकती लगेच ओळखली. आपल्या हातचं कोण ओळखणार नाही?

"आई!"

रांग थांबली. धुरपता कमरेतून सरळ झाली. सुनेच्या हातात पान पाहिलं आणि तिला पहिला राग आला तो याचा, की पोरगी पायाकडं पाहत नाही पण पानाखालचं बरोबर पाहते.

"ठेव थे खाली. हवेनं उडन."

"हे तुम्ही काढून ठेवता? रोज?"

"मंग? तुही मेहनत चिखलात घालू का? धुऊन-पुसून लावतो मी संध्याकाळी. एक डाग दाखव त्याच्यावर."

रुचिताचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल. आवाज चढला तो साऱ्या बांधीवर. "आई, रोज नवी कातडी याला धरते! अन् रोज सकाळी तुम्ही तीच उपटून काढता! वरून चिखल! वाढन नाही तं काय होईल? मी आठ दिवसापासून माह्या अर्काले शिव्या देऊन राहिली, सगळं काम थांबवून ठेवलं, अन् तुम्ही—"

"तुले कोण सांगितलं वाढली म्हून? तुले तं पाहाची मनाई हाये!"

रुचिता धुऱ्यावर मटकन बसली, चकती हातात, आणि रडायला लागली की हसायला, हे कोणाला नीट कळलं नाही. बहुतेक दोन्ही. साऱ्या टोळीसमोर सुनेनं आवाज चढवला, याची नोंद धुरपताच्या मनात होता होता अर्ध्यावरच थांबली.

शकुनबाई हातातली पेंडी तशीच धरून उभी होती. म्हणाली, "सासू सुनेले जपे, सून सासूले जपे. अन् जखम मधी बसून दोघीईच्या हातचं खाये."

धुरपता चिखलातून बाहेर आली. पायावरून काळं पाणी ओघळत होतं आणि त्यात एक लाल धार होती. सुनेपाशी बसून तिनं हळू आवाजात विचारलं,

"मंग खोट तुह्या पापडात नाही?"

"नाही."

"बरं. आता हे लावून चिखलात उतरलं तं टिकन का?"

रुचितानं नाक पुसलं. "नाही टिकणार. डिंक हाये, आई. विरघळून जाईल. चिखलात टिकेल असं काही माह्याकडं नाही अजून."

धुरपता तिच्याकडं पाहत राहिली. टेकचंद इतकी वर्षं मलम विकतोय, पण आपल्या मालाला त्यानं कधी नाही म्हटलेलं तिनं ऐकलं नव्हतं. ही पोरगी स्वतःच्या हातानं केलेल्या वस्तूला तोंडावर नाही म्हणते. पोतं परत केलं होतं तेव्हाही अशीच म्हणाली होती. तेव्हा तो तिला माज वाटला होता.

सोमवारी धुरपता दवाखान्यात गेली. रुचिता येते म्हणाली, तिनं येऊ दिलं नाही. बाकावरच्या साऱ्या माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात तिनं दामिनी मॅडमना सांगितलं, "मी खोटं बोलली जी. रोज चिखलात गेली. पट्टी बी काढत होती. पोरीच्या औषधाची काही चूक नाही." सांगताना मान सारखी हलत होती. सिस्टर रागावली. मॅडम रागावल्या नाहीत; त्यांनी तिच्यासमोरच ते सगळं लिहून घेतलं. म्हणाल्या, झालेला आकडा खोडता येणार नाही, पण का झाला ते आता त्याच्याजवळ राहील, आणि थांबलेलं काम पुढं चालेल. आणि चुकलं आमचंही. शेतात उभ्या राहणाऱ्या बाईला भिजवू नका एवढंच सांगितलं; ती काय करेल हे कोणी विचारलं नाही.

"आता सांगा आजी. चिखल की पाय? दोन्ही मिळणार नाही."

धुरपतानं उत्तर तिथं दिलं नाही. ते ज्याला द्यायचं त्याला दुसऱ्या दिवशी बांधीवर दिलं. टोळी उतरायच्या आधी ती शकुनबाईपाशी गेली, पऱ्ह्यांची एक पेंडी उचलून तिच्या हातात ठेवली.

"धुऱ्याजवळून तू लाग."

इतकी वर्षं डोळा ठेवलेली जागा अशी हातात आल्यावर शकुनबाईला ती घेता येईना. "किती दिवसासाठी?" तिनं विचारलं.

"पाय सांगन थेवढे."

शकुनबाई पहिल्या जागेवर गेली. हात तिचे तेज होते, पण पहिल्या दिवशी रांग वाकडी गेली.

आणि धुरपता धुऱ्यावर बसली. जन्मात पहिल्यांदा. पाय पेंड्यांच्या गादीवर उंच ठेवलेला, वर पांढरी पट्टी, डोक्यावर मंगरूची छत्री. धुऱ्यावर बसतो तो मालक. मजुराची जागा खाली. वासुदेवराव आले तेव्हा ते दोन घटका नुसते उभेच राहिले, कारण त्यांच्या नेहमीच्या दगडावर धुरपता होती.

"काय धुरपताबाई, वावर घेतलं का माहं?"

"पाह्यतो हावो जी, घ्याजोगतं हाये का म्हून."

बाया खाली खिदळल्या. पण ते हसू सोसणं धुरपताला ठणक्यापेक्षा जड गेलं. हात मोकळे; तिला ते कुठं ठेवावे कळेना. ती छत्रीची काडी सोलायची, गवत उपटायची. वाटेनं जाणारे विचारायचे, "मालकीणबाई, बरं हाये न?" दोनदा तिनं फडक्याच्या गाठीला हात घातला. पहिल्या खेपेला शकुनबाईनं खालून पाहिलं आणि चिखलाचा गोळा बरोबर तिच्या छत्रीवर मारला. दुसऱ्या खेपेला तिनं स्वतःच हात मागं घेतला. मग ती बसल्या जागेवरून रांग हाकायला लागली. "रंजू, तुही मूठ तरंगून राहिली! शकुन, डाव्या अंगाले दाब!" शकुनबाई दाबायची. तोंडानं मात्र म्हणायची, "बसल्या बसल्या लय दिसते व तुले."

पट्टी आता दवाखान्यातच बदलली जायची. सिस्टरची रेघ आधी मागच्या रेघेवर आली, मग तिच्या आत. कडेचा वांग्याचा रंग फिका पडला. घरी रुचिता अजूनही पायाकडं पाहत नव्हती. नियम तो नियम. पण संध्याकाळी धुरपता लंगडत आत येई तेव्हा पावलांचा आवाज ऐकायला ती चुलीपाशी थबकायची, हे धुरपतानं पकडलं होतं. मग ती मुद्दाम जोरात पावलं टाकायची. बोलायचं नाही असं ठरलेलं. वाजवायचं नाही असं कोणी म्हटलं नव्हतं.

रोवणी सरायला आली तोवर जखम डाळीच्या दाण्याएवढी उरली होती. भोवती कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, गुलाबी कातडी. "आत्ताच खरं सांभाळायचं," दामिनी मॅडम म्हणाल्या होत्या. "घाण पाणी लागलं तर पुन्हा पहिल्यापासून."

शेवटची बांधी वासुदेवरावांचीच. दुपार कलताना शकुनबाईनं शेवटची मूठ रोवली आणि बायांनी किलकाऱ्या मारल्या. रोवणीची शेवटची मूठ लागली की धुऱ्यावर जो असेल त्याला चिखलानं माखायचं, ही इकडची रीत. तो बहुधा मालक असतो, आणि चुकवायचं म्हटलं तरी त्याला चुकवता येत नाही. पण वासुदेवराव जुने खेळाडू. किलकारी ऐकू यायच्या आधीच ते मोटर पाहून येतो म्हणून सटकले होते.

बाया दोन्ही हातांत चिखल घेऊन वळल्या, तर धुऱ्यावर एकटी धुरपता, छत्रीखाली, पाय पेंड्यांवर.

क्षणभर सगळ्या थांबल्या. मग रंजूच्या तोंडून निघालं, "धुऱ्यावर तं हेच हाये."

"खबरदार!" धुरपता ओरडली आणि दोन्ही हातांनी पाय झाकायला वाकली. "पाय हाये माहा! पोरीनं— अवो, जवळ नोका येऊ!"

"थांबा," शकुनबाई म्हणाली. हातातला चिखल टाकून ती कालव्यावर गेली. कोपरापर्यंत हात धुतले, नखं घासली, पदराच्या कोरड्या टोकानं बोट बोट पुसलं. बाया चिखल गाळत उभ्या. मग ती धुरपतासमोर गुडघ्यावर बसली, डावा पाय टाचेखालून दोन्ही तळहातांवर घेतला, आणि उभी राहिली. धुरपता पाठीवर आडवी झाली, छत्री धुऱ्याखाली गेली.

"घाला आता," शकुनबाई म्हणाली.

घातला. केसांत, कानांत, पाठीवर, उजव्या पायाच्या बोटाबोटांत. धुरपता शिव्या देत होती, हसत होती, साऱ्या टोळीचं जुनं-नवं बाहेर काढत होती, शकुनबाईच्या तर माहेरापर्यंत पोचली होती. आणि त्या सगळ्या काळ्या गोंधळाच्या वर, शकुनबाईच्या छातीशी धरलेला तो एक पाय, पांढऱ्या पट्टीचा, कोरडा. कोणी चुकून जवळ आलं तर शकुनबाई वळून आपली पाठ पुढं करत होती. तिच्या पाठीवर चिखल थापला जात होता, दंड भरून आले होते, पण पाय खाली आला नाही.